लिशियन भाषेतला धार्मिक शब्द कसा उकलावा: ‘कुमात्सा’ आणि ‘माहाना’

लिशिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा नैऋत्य किनारा. तिथली भाषा मुख्यतः इ.स.पू. ५व्या आणि ४थ्या शतकांतल्या शिलालेखांत आणि नाण्यांवर उरली आहे. बहुतेक लेख थडग्यांवरचे आणि छोटे आहेत: थडगं कोणी बांधलं, कोणासाठी बांधलं, आणि त्याला हात लावणाऱ्याला काय शिक्षा. देव, पुजारी, बळी हे शब्द अशा मोजक्या ठिकाणीच भेटतात, म्हणून एकेक जागा नीट वाचावी लागते.

शब्द सुटा उचलू नका, लेखासकट उचला. एर्न्स्ट कालिंका यांच्या १९०१च्या संग्रहातले क्रमांक आजही चालतात. नंतर सापडलेल्या लेखांना ग्युंटर नॉयमन यांच्या पुरवणीचे क्रमांक आहेत. प्रत्येक रूपापुढे लेखाचा क्रमांक आणि ओळ टिपली नाही, तर पुढे काहीच पडताळता येत नाही.

अक्षरं ग्रीकसारखी दिसतात आणि तिथेच पहिली चूक होते. ग्रीक एप्सिलॉनसारखं दिसणारं अक्षर लिशियनमध्ये ‘ए’ नसून ‘इ’ आहे. रोमन लिप्यंतरात ‘झेड’ने दाखवलेला वर्ण ‘त्स’ आहे, म्हणजे ‘चमचा’तल्या च-सारखा, म्हणून पुजारी या अर्थाचा शब्द इथे ‘कुमात्सा’ असा लिहिला आहे. शब्द तोडायला एकावर एक दोन टिंबं देतात, पण ‘से’ म्हणजे ‘आणि’ हे बऱ्याचदा पुढच्या शब्दाला चिकटतं. ते सोडवलं नाही तर कोशात नसलेला शब्द शोधत बसाल. अनुनासिकाचं लेखनही सैल आहे. ‘देव’ या शब्दाचं अनेकवचन माहांई, मांहांई आणि मुहांई अशा तिन्ही प्रकारे लिहिलेलं सापडतं. हे तीन शब्द नाहीत.

आता अर्थ. त्यासाठी सगळ्यात मोठा आधार म्हणजे १९७३ साली लिशियातल्या झँथॉस शहराजवळच्या लेटोऑन इथे, म्हणजे लेटो या ग्रीक देवीच्या देवस्थानात, सापडलेला त्रिभाषी लेख, नॉयमन पद्धतीत क्रमांक ३२०. लिशियन ४१ ओळी, ग्रीक ३५, अरामी (पर्शियन साम्राज्याच्या कारभाराची भाषा) २७. काळ इ.स.पू. ३५८ किंवा ३३७. कॉनोस या शेजारच्या शहराच्या ‘राजा’ या देवासाठी आणि त्याच्या जोडीच्या देवासाठी वेदी उभारली, सिमियास नावाच्या माणसाला पुजारी नेमलं, बळी ठरवून दिले, असा त्यातला ठराव आहे.

ग्रीक भागात पुजाऱ्यासाठी ‘हिएरेआ’ येतं आणि त्याच जागी लिशियनमध्ये ‘कुमात्सू’. शेवटचा ‘ऊ’ प्रत्यय आहे हे कशावरून? याच लेखात झँथॉसच्या प्रशासकाला ‘आसाख्लात्सू’ म्हटलं आहे आणि ग्रीकमध्ये तिथेही द्वितीया आहे. दोन्ही शब्दांचं शेपूट एक आणि विभक्तीही एक, म्हणून मूळ रूपं कुमात्सा आणि आसाख्लात्सा. ‘-आत्सा’ हा काम करणाऱ्याचा प्रत्यय आहे. लढवय्यासाठीच्या शब्दातही तोच दिसतो. तो काढला की उरतं ‘कुम-’.

एवढ्यावर ‘कुम-’ म्हणजे पौरोहित्य असं लिहून मोकळे होऊ नका, तोच लेख पुढे वाचा. वेदी: कुमेत्सियें. बळी देतो: कुमेत्सिदी. बळीच्या पशूने: कुमेहेदी. ग्रीक लेखकाने वेदी, पुजारी आणि बळी देणं यांसाठी वेगवेगळ्या धातूंचे शब्द वापरले, लिशियन लेखकाने मात्र सगळं एकाच मुळातून काढलं. म्हणजे ‘कुम-’चा गाभा ‘पवित्र’ किंवा ‘देवाला वाहिलेलं’ असा असला पाहिजे. पुजारी म्हणजे ते काम करणारा. मधला ‘आ’ कुठे ‘ए’ होतो त्याने गोंधळू नका. पुढच्या अक्षरात ‘इ’ किंवा ‘ए’ असेल तर लिशियनमध्ये आधीचा स्वर तिकडे ओढला जातो. बळी देण्याच्या वाक्यातच ‘नुरेदी नुरेदी’ अशी द्विरुक्ती आहे, अगदी आपल्या ‘महिन्या-महिन्याला’सारखी.

त्रिभाषी लेख हा शब्दाला शब्द ठेवलेला अनुवाद नाही, हे मात्र सतत ध्यानात हवं. ग्रीक भाग ‘लेटो’ असं नाव घेतो, तर लिशियन भाग ‘एंनी क्लाही एबियेही’ म्हणजे ‘या आवाराची आई’ असं म्हणतो. अरामी भागात लेटोची मुलगी आर्टेमिस हिचंही नाव आहे. तिन्ही रकाने शेजारी मांडून ‘एंनी = लेटो’ अशी नोंद केली की चूक पक्की. एंनी म्हणजे फक्त आई; लुवियनमध्ये, म्हणजे लिशियनच्या जवळच्या, त्याच भागातल्या जुन्या भाषेत, तीच ‘आन्नी’.

मूळ शोधताना आधी घरातच विचारा: मिलियन, म्हणजे लिशियनचीच दुसरी बोली, मग लुवियन, मग त्याच कुटुंबातली जरा लांबची हिटाइट. ‘कुम-’ला लुवियन ‘कुम्माइ-’ (शुद्ध, पवित्र) लगेच जुळतं. हिटाइट मात्र शुद्ध या अर्थी ‘पार्कुइ-’ असा निराळाच शब्द वापरते. म्हणून ‘कुम-’ची नोंद ‘लुवियन गटाचा समाईक शब्द’ इथेच थांबवा. कुमार, कुंभ यांच्याकडे वळू नका.

आपल्या वाचकाला खरा मोह ‘माहाना’ म्हणजे देव या शब्दाचा पडतो. डोळ्यांसमोर ‘महान’ उभं राहतं, आणि अर्थही शोभतो. पण ह कुठून आला ते पाहा. मिलियनमध्ये हाच शब्द ‘मासा’, लुवियनमध्ये ‘मास्सान-’. लिशियनमध्ये दोन स्वरांमधल्या जुन्या स चा ह होतो. सिंधूचं हिंदू झालं तशीच ही वाट. पडताळा संबंधवाचक प्रत्ययात मिळतो: लुवियन ‘-अस्सि’, मिलियन ‘-असी’, लिशियन ‘-अही’. ‘महान’मधला ह मात्र मूळच्या घ-सारख्या वर्णाचा आहे, म्हणून ग्रीकमध्ये तिथे ‘मेगास’ दिसतं. दोन ह, दोन उगम, नातं शून्य.

याउलट लिशियन ‘एस्बे’ (घोडा), लुवियन ‘आत्सु’ आणि संस्कृत ‘अश्व’ कानाला लांबचे वाटतात, पण सख्खे आहेत. यातून एक नियम हाती लागतो: लिशियनमधला स बहुतेकदा लुवियन स शी न जुळवता लुवियन त्स शी जुळवा.

मग ‘देव’ शब्दाची बहीण आनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागात, कुठे आहे? हिटाइटमध्ये. तिथे देवाला ‘शिउ-’ म्हणतात, आणि तो द्यौ, देव यांच्याच मुळातला आहे. लिशियन देवांमध्ये संस्कृतपर्यंत खात्रीने पोचणारा एक शब्द हवा असेल तर ‘त्रक्कास’ घ्या. थडग्यांवरच्या शापांत अपराध्याला फटका मारायला इतर देवांबरोबर यालाच बोलावतात. लुवियनमध्ये हा तार्हुन्त, वादळाचा देव. धातू ‘मात करणे, पार करणे’, संस्कृत ‘तरति’मधला. इथे रूप, अर्थ आणि मधली लुवियन कडी तिन्ही जागेवर आहेत, म्हणून या शब्दाची व्युत्पत्ती नोंदवहीत शाईने लिहायला हरकत नाही.