ध्रुवीय समुद्रतळाचा गाळ कुठून आला? शोधताना या चुका टाळा

चूक मास स्पेक्ट्रोमीटरवर (समस्थानिके, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, मोजणाऱ्या यंत्रावर) क्वचितच होते. ती आधीच, नमुना तयार करताना झालेली असते.

अख्खा गाळ दळून मोजणे. सर्वांत महागात पडते ते हेच. रुबिडियम असलेला अभ्रक आणि चिकणखनिजे बारीक कणांत साचतात. रुबिडियमपासून हळूहळू स्ट्रॉन्शियम-८७ बनते, त्यामुळे एकाच खडकाच्या वाळूपेक्षा त्याच्या चिखलात उगमाची खूण मानले जाणारे स्ट्रॉन्शियम ८७/८६ गुणोत्तर जास्त येते. हिमनदीच्या तोंडाशी वाळू आणि फ्योर्डच्या (हिमनदीने कोरलेल्या खाडीच्या) मुखाकडे चिखल असला की उगम एक असूनही दोन दिसतात. ओल्या चाळणीने ६३ मायक्रॉनवर गाळ वेगळा करा आणि तुलना एकाच आकारगटाची करा. उगमाची दुसरी खूण असलेल्या निओडिमियमच्या समस्थानिकांवर कणांच्या आकाराचा परिणाम बराच कमी असतो. स्ट्रॉन्शियम बदलले, निओडिमियम जागेवरच राहिले, तर आधी चाळणीवर संशय घ्या.

थंड पाण्यात घड्याळ न बदलणे. चिकणखनिजांचे बारीक कण वेगळे करायला गाळ पाण्यात बसू देतात. २ मायक्रॉनचा कण २० अंश सेल्सिअसला १० सेंटिमीटर खाली यायला सुमारे ८ तास घेतो. ४ अंशाला सुमारे १२. थंड खोलीत ८ तासांनीच पिपेट बुडवली तर अडीच मायक्रॉनपर्यंतचे कणही येतात. मीठ धुतले नसेल तर गुठळ्या होतात आणि हा हिशोबच कोलमडतो.

आम्लाची घाई. शंखशिंपल्यांच्या कार्बोनेटमध्ये समुद्राचे स्ट्रॉन्शियम (०.७०९२) असते, म्हणून ते काढावे लागते. पण गरम हायड्रोक्लोरिक आम्ल क्लोराइट हे चिकणखनिजही खाते, आणि ध्रुवीय गाळात क्लोराइट भरपूर. सौम्य ॲसिटिक आम्ल वापरा. लोह-मँगनीजचे लेपही काढा. त्यांतले निओडिमियम समुद्राच्या पाण्यातून आलेले असते. मात्र थोडा नमुना आम्लाविना ठेवाच: आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या काँग्सफ्योर्डन या फ्योर्डसारख्या ठिकाणी काठावर संगमरवर आहे, तिथे कार्बोनेट हाच उगमाचा पुरावा असू शकतो.

७ अँगस्ट्रॉमचे शिखर. चिकणखनिजे ओळखायच्या क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात केओलिनाइट आणि क्लोराइट यांची शिखरे इथे एकमेकांवर पडतात. ५५० अंशांना तापवा: केओलिनाइट नाहीसे होते, क्लोराइटचे १४ अँगस्ट्रॉमचे शिखर उरते.

फक्त झिरकॉनवर विसंबणे. झिरकॉन हे वय मोजता येणारे टिकाऊ खनिज, पण बेसाल्टमध्ये ते जवळजवळ नसते, त्यामुळे तो उगम दिसतच नाही. ग्रॅनाइट मात्र वाट्यापेक्षा मोठा भासतो.

सरळ रेषेचे मिश्रण. दोन उगमांत स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियमचे एकमेकांशी प्रमाण वेगळे असेल तर स्ट्रॉन्शियम-निओडिमियम आलेखावर मिश्रणाची रेषा वक्र होते. टक्केवारी काढताना ते प्रमाण धरा. उगमाचे नमुनेही नुसते खडकाचे नकोत. वितळपाण्याच्या ओढ्यातला गाळ घ्या, त्याच आकारगटाचा. हिशोबात न बसणारे उरले, तर समुद्रबर्फाने दुरून आणलेला गाळ तपासा. ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांमधल्या फ्राम सामुद्रधुनीतले स्मेक्टाइट हे चिकणखनिज बर्फाबरोबर सायबेरियाच्या उथळ समुद्रांतून आलेले असू शकते.