आउटलुक सारखं पासवर्ड मागतंय? ऑफिसचा मेल जोडताना या चुका टाळा

ऑफिसचा मेल कॉम्प्युटरवर सेट करताना पासवर्डचा बॉक्स येतो, आपण पासवर्ड टाकतो, दोन सेकंदांत बॉक्स परत हजर. मग लोक पासवर्ड बदलतात, प्रोफाइल उडवून नवं बनवतात, शेवटी आख्खं ऑफिस अनइन्स्टॉल करून परत टाकतात आणि अर्धा दिवस त्यातच जातो. बहुतेक वेळा यातलं काहीच करायची गरज नसते! क्लायंटला, म्हणजे आउटलुकसारख्या मेलच्या प्रोग्रामला, तीन गोष्टी बरोबर मिळाव्या लागतात: सर्व्हरचा पत्ता, तिथलं पोर्ट (आत शिरायच्या दाराचा नंबर) आणि ओळख पटवायची पद्धत. यातलं नेमकं काय अडलंय ते आधी शोधा आणि मगच सेटिंगला हात लावा. सगळ्यात आधी ब्राउझरमधून वेबमेल उघडून बघा. तिथे लॉगिन झालं तर पासवर्ड बरोबर आहे आणि अकाउंटही लॉक नाही, म्हणजे अडचण क्लायंटच्या बाजूला आहे किंवा मधल्या रस्त्यात.

जुन्या पद्धतीने लॉगिन करत राहणं

मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये (मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या मेल सेवेत) बेसिक ऑथेंटिकेशन बंद करायला घेतलं, म्हणजे नुसतं युजरनेम-पासवर्ड पाठवून आत शिरायचं ते दिवस संपले, आता ओऑथ लागतं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पेजवर लॉगिन करून मिळालेलं टोकन दाखवायचं. त्यामुळे पासवर्ड शंभर टक्के बरोबर असला तरी जुना क्लायंट बाहेरच राहतो. आउटलुक २०१० ला ही नवी पद्धत येतच नाही, २०१३ मध्ये रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीत) सेटिंग करून चालू करावी लागते, २०१६ पासून पुढे आपोआप चालते. ओळखायची खूण सोपी आहे. मायक्रोसॉफ्टचं वेबपेजसारखं लॉगिन आलं आणि मोबाइलवर अप्रूव्हल मागितलं तर नवी पद्धत चालू आहे, विंडोज सिक्युरिटीचा छोटा बॉक्स आला तर क्लायंट बहुधा जुन्याच वाटेने जातोय.

थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्राममध्ये ऑथेंटिकेशन मेथडला 'नॉर्मल पासवर्ड' ठेवू नका, ओऑथ २ निवडा, आणि हे इनकमिंग आणि आउटगोइंग दोन्हीकडे करा कारण दुसरीकडे करायचं हमखास राहून जातं. कुकीज ब्लॉक केल्या असतील तर लॉगिनची विंडो नीट चालत नाही. आणि 'अ‍ॅडमिनची परवानगी हवी' असा मेसेज आला तर तुमच्या हातात काही नाही, कंपनीच्या अ‍ॅडमिनलाच ते अ‍ॅप मंजूर करावं लागतं, सेटिंग उलटसुलट करून काही होणार नाही.

अजून एक, लॉगिनचं नाव आणि मेल आयडी एकच असतो असं धरून चालू नका. बऱ्याच कंपन्यांत मेल आयडी वेगळा आणि साइन-इनचं नाव वेगळं असतं.

ऑटोडिस्कव्हर कुणाला विचारतंय ते न बघणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण छोट्या कंपन्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. आउटलुकला आपण फक्त मेल आयडी देतो, सर्व्हर तो स्वतः शोधतो, यालाच ऑटोडिस्कव्हर म्हणतात. कंपनीच्या डोमेनमधला कॉम्प्युटर असेल तर आधी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीच्या युजर आणि कॉम्प्युटरच्या यादीत) बघतो, नाहीतर मेल आयडीतल्या @ च्या पुढचं नाव घेऊन थेट त्या वेबसाइटला विचारतो, मग त्याच्या आधी 'ऑटोडिस्कव्हर.' लावून विचारतो, मग रीडायरेक्ट आणि डीएनएसमधला (डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदवहीतला) एसआरव्ही रेकॉर्ड, म्हणजे सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ती नोंद, बघतो.

आता समजा कंपनीची वेबसाइट सीपॅनलवाल्या (वेबसाइट सांभाळायचं पॅनल) शेअर्ड होस्टिंगवर आहे आणि मेल नंतर मायक्रोसॉफ्ट ३६५ वर हलवले. आउटलुकने मूळ डोमेनला विचारलं की होस्टिंगवाला सर्व्हर 'मीच आहे मेल सर्व्हर' म्हणून उत्तर देऊ शकतो, पासवर्ड मागतो, आणि तुम्ही ३६५ चा पासवर्ड त्या भलत्याच सर्व्हरला देत बसता. तो कितीही वेळा टाका, चालणारच नाही. सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही अशी वॉर्निंग आली तर 'येस' दाबून पुढे जाऊ नका, तिथे लिहिलेलं नाव वाचा, होस्टिंग कंपनीचं नाव दिसलं की चोर सापडला. उपाय दोन आहेत: होस्टिंगवर ऑटोडिस्कव्हर बंद करायला सांगा, किंवा रजिस्ट्रीत 'एक्सक्लूड एचटीटीपीएस रूट डोमेन' ची व्हॅल्यू १ करा. आणि डीएनएसमध्ये ऑटोडिस्कव्हरचा सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणारी नोंद) मायक्रोसॉफ्टकडे वळवलाय ना, तेही बघून घ्या.

पासवर्ड भलतीकडे जाणं किती गंभीर आहे ते २०२१ मध्ये दिसलं. गार्डिकोर या सिक्युरिटी कंपनीने ऑटोडिस्कव्हर नावाची काही डोमेन विकत घेतली, त्यात डॉट इन वालंही होतं, आणि नुसतं ऐकत बसले. काही महिन्यांत विंडोज डोमेनची ३,७२,०७२ क्रेडेन्शियल (लॉगिनचं नाव आणि पासवर्ड) त्यांच्याकडे आपणहून येऊन पडली! काही क्लायंट योग्य पत्ता सापडला नाही की कंपनीचं नाव गाळून थेट 'ऑटोडिस्कव्हर डॉट इन' सारख्या पत्त्यावर जात होते, म्हणून हे झालं.

पोर्ट आणि एन्क्रिप्शनची जोडी चुकणं

आयमॅप (मेल आणायची पद्धत) ९९३ आणि एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) ४६५ वर कनेक्शन पहिल्या क्षणापासून टीएलएसमध्ये, म्हणजे एन्क्रिप्शनच्या कुलपात, असतं. १४३ आणि ५८७ वर आधी साधं बोलणं होतं आणि मग स्टार्टटीएलएसने कुलूप लागतं. ९९३ वर स्टार्टटीएलएस निवडलं तर सर्व्हर क्लायंटने टीएलएस सुरू करायची वाट बघतो, क्लायंट सर्व्हरच्या नमस्काराची, म्हणजे फोन उचलून दोघंही 'हॅलो' ची वाट बघत गप्प. मिनिटभराने टाइमआउट येतो आणि लोक इंटरनेटला शिव्या देतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ ला पाठवण्यासाठी ५८७ आणि स्टार्टटीएलएस, येण्यासाठी ९९३ आणि एसएसएल/टीएलएस. पाठवायला २५ लावू नका, ते सर्व्हर-सर्व्हरमधलं पोर्ट आहे आणि घरच्या इंटरनेटवर बऱ्याचदा बंदच असतं.

सगळं बरोबर असूनही सर्टिफिकेटची तक्रार येत असेल तर अँटीव्हायरसचं मेल स्कॅनिंग बघा, तो मधे स्वतःचं सर्टिफिकेट घुसवतो. कॉम्प्युटरचं घड्याळही बघा, केर्बेरॉसला (विंडोज डोमेनमधली ओळख पटवायची पद्धत) डीफॉल्टमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

पासवर्ड बदलला पण फोन विसरला

पासवर्ड बदलला की फोनमधला मेल जुनाच पासवर्ड मारत राहतो आणि अकाउंट लॉक होतं, आयटीवाले अनलॉक करतात, थोड्या वेळाने परत लॉक. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधल्या जुन्या नोंदी काढा, आणि मग आउटलुक उघडा.

पॉप३ आणि 'न्यू आउटलुक'

ऑफिसच्या मेलला पॉप३ (मेल डाउनलोड करून घ्यायची जुनी पद्धत) लावू नका, अगदीच नाइलाज असल्याशिवाय. ते फक्त इनबॉक्स आणतं, पाठवलेले मेल त्या एकाच मशीनवर राहतात, आणि 'सर्व्हरवर कॉपी ठेवा' ची टिक नसेल तर मेल सर्व्हरवरून जातात. मग हार्ड डिस्क गेली की वर्षांचा पत्रव्यवहार गेला, हे बघवत नाही.

कंपनीचा एक्स्चेंज सर्व्हर स्वतःच्या ऑफिसमध्ये असेल तर कोपऱ्यातलं 'न्यू आउटलुक' चं बटण दाबू नका, त्यात तो मेल जोडता येत नाही, क्लासिकच ठेवा. लिनक्सवाल्यांनी एव्होल्यूशन (मेलचा प्रोग्राम) किंवा डेव्हमेल (एक्स्चेंज आणि इतर मेल प्रोग्राममधला दुवा) बघावं. थंडरबर्डने १४५ व्हर्जनपासून एक्स्चेंजला थेट जोडायची सोय दिली आहे, सुरुवात फक्त मेलपासून झाली, कॅलेंडर त्यात नव्हतं. पण ती सोय ज्या इडब्ल्यूएसवर (एक्स्चेंजशी बोलायच्या जुन्या पद्धतीवर) उभी आहे ते एक्स्चेंज ऑनलाइनमधून काढायचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय, त्यामुळे आख्खं ऑफिस त्यावर हलवायच्या आधी आयटीशी बोला.

तरीही जमत नसेल तर क्लासिक आउटलुक चालू ठेवून टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यातल्या त्याच्या आयकॉनवर कंट्रोल दाबून राइट क्लिक करा. 'कनेक्शन स्टेटस' मध्ये सर्व्हरचं नाव दिसतं आणि ऑथेंटिकेशनच्या कॉलममध्ये 'बेअरर' दिसलं तर ओऑथ चालू आहे. शेजारीच 'टेस्ट ई-मेल ऑटोकॉन्फिगरेशन' आहे, त्यात गेसस्मार्टच्या (अंदाजाने सेटिंग शोधायच्या) दोन्ही टिक काढून टेस्ट चालवा आणि लॉगच्या टॅबचा स्क्रीनशॉट, एररचा कोड आणि वेळ आयटीला पाठवा. नुसतं 'मेल चालत नाहीये' असं कळवलं तर ते सुरुवातीपासून सगळं परत विचारणार.