कडक ऊन आणि मधेच धो-धो पाऊस: कुंडीतली झाडं कशी वाचवावीत

डोंबिवलीतल्या माझ्या गच्चीवर २०२५च्या मे महिन्यात सगळी तयारी उन्हाची होती. वळीव पडायला लागला तो थेट मान्सूनलाच जाऊन मिळाला. मुंबईत मान्सून यायची तारीख ११ जून, त्या वर्षी तो २६ मेलाच दाखल झाला. त्या दिवसांत माझ्या मोगऱ्याच्या चार कुंड्या गेल्या, त्याही मीच घातलेल्या पाण्याने.

उन्हाचं काम सोपं आहे. पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट (जाळी) बांधा, काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांना बाहेरून चुना फासा, मातीवर दोन बोटं पाचोळा पसरा, पाणी सकाळी लवकर घाला. पाइपमध्ये तापलेलं पहिलं पाणी बादलीत सोडून द्या.

पावसाची चाहूल लागली की कुंड्यांखालच्या ताटल्या काढा, कुंड्या विटांवर चढवा आणि खालचं भोक काडीने मोकळं करा. वारा सुटणार असेल तर शेडनेट सोडून ठेवा, नाहीतर ती शिडासारखी फुगते आणि बांबूसकट उडते.

खरी फसगत पाऊस थांबल्यावर होते. दोन दिवस झोडपून काढल्यावर तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं आणि दुपारी झाड मान टाकतं. पानं लोंबतात, आणि आपण पाण्याचा तांब्या घेऊन धावतो. इथेच थांबा. मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरलं की मुळांना हवा मिळत नाही. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून ओल्या मातीत उभं असलेलं झाडही तहानलेल्या झाडासारखंच दिसतं. पानांवरून काहीच ठरवू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसा. माती गार आणि चिकट लागली तर एक थेंबही घालू नका. मोठी कुंडी एका बाजूने उचलून पाहा. कोरड्या आणि भिजलेल्या कुंडीच्या वजनातला फरक आठवडाभरात हाताला कळायला लागतो.

मग कुंडी तिरकी करा. एक कड विटेवर ठेवून चांगली कलती करा, खालचं भोक उताराच्या बाजूला येऊ द्या. निथळणं थांबलंय असं वाटणाऱ्या कुंडीतूनही पुन्हा धार लागते, कारण सरळ कुंडीत तळाशी पाण्याचा एक थर मातीने धरून ठेवलेला असतो. तिरकी केल्यावर मातीची उंची वाढते आणि तो थर सुटतो. तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी भरा, हा सल्ला अजूनही सगळीकडे दिला जातो. माझा त्याला ठाम विरोध आहे. पाणी मातीतून खडीत सहज उतरत नाही, त्यामुळे तो ओला थर उलट वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर एक खापरी पुरे. निचरा हवा असेल तर मातीतच विटांची भरड आणि भाताचं तूस मिसळा. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, पाणी धरतं. उन्हाळ्यात ते उपयोगाचं आहे, पण पावसात उघड्यावर राहणाऱ्या कुंडीत मी ते मूठभरापेक्षा जास्त घालत नाही.

एवढं करूनही दोन दिवसांत झाड सावरलं नाही आणि मातीला आंबूस, गटारासारखा वास आला, तर झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरं आणि टणक असतं. सडलेलं तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. माझ्या मोगऱ्याची जवळजवळ सगळी मुळं तशी झाली होती, तिथे उशीर झाला होता. निम्मी मुळं शाबूत असतील तर सडलेली स्वच्छ कात्रीने कापा, वरचा एक तृतीयांश पाला छाटा आणि झाड लहान कुंडीत, जेमतेम ओलसर नव्या मातीत लावा. मोठ्या कुंडीत लावायचा मोह आवरा, उरलेल्या मुळांना तेवढं पाणी शोषता येत नाही. आठ-दहा दिवस सावलीत ठेवा.

या काळात खत अजिबात नको, शेणखतसुद्धा नको. नवी पालवी फुटून तिची पानं पुरती उलगडली की मगच पातळ करून द्या.