वॉशिंग्टनला गेलात तर तो एक रेल्वेचा डबा कसा पाहावा

मुलगी मेरीलँडला असते, त्यामुळे उन्हाळ्यात आमचा मुक्काम तिकडे. ओळखीचं कुणी वॉशिंग्टन पाहायला आलं की व्हाइट हाउस, स्मारकं, विमानांचं म्युझियम असा बेत ठरलेला असतो. मी त्यातला एक दिवस मागून घेतो. माटुंग्याच्या कारखान्यात मी ३४ वर्षं प्रवासी डबे खोलले आणि जोडले. पीओएचला, म्हणजे ठराविक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला आलेला डबा नीट पाहिला की तो कुठे कसा वापरला गेला ते कळतं. वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन म्युझियममध्ये असाच एक डबा आहे, सदर्न रेल्वेचा १२०० नंबरचा, गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगळं बसवण्यासाठी मधे पार्टिशन घातलेला. तो पाहायचा कसा, ते सांगतो.

सकाळी थेट म्युझियम गाठू नका. आधी मेट्रोच्या रेड लाइनने युनियन स्टेशनला या. १९०७ सालचं स्टेशन, छत बघत राहावं असं. पण इथे बाकावर दहा मिनिटं बसा ती दुसऱ्या कारणासाठी. न्यूयॉर्कहून दक्षिणेकडे निघालेला काळा प्रवासी इथपर्यंत बाकीच्यांसोबत बसून येई. इथून पुढे गाडी व्हर्जिनियात शिरायची, म्हणून त्याला सामान उचलून वेगळ्या डब्यात जावं लागे. हा ‘जिम क्रो’चा डबा. काळ्यांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवणाऱ्या दक्षिणेतल्या कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत. जुन्या काळात तो बहुधा इंजिनाला लागूनच असे. कोळशाच्या गाडीतून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना इंजिनामागचा पहिला डबा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. डोळ्यांत कणी, कॉलरवर काजळी.

याच स्टेशनात ए. फिलिप रँडॉल्फ यांचा पुतळा आहे. लोक त्याच्या शेजारून बॅगा ओढत निघून जातात, तेव्हा चौकशी करून शोधा. पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांत बर्थ लावणारे, बूट पुसणारे पोर्टर जवळजवळ सगळे काळे. प्रवासी त्यांना नावाने हाक मारत नसत. सगळेच ‘जॉर्ज’, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये त्यांची युनियन उभी केली आणि बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये करार मिळवला. महिन्याचे ४०० तास कामाचे २४० वर आले. युनियनच्या माणसाला या आकड्याची किंमत कळते. हेच पोर्टर ‘शिकागो डिफेंडर’ या काळ्यांच्या वर्तमानपत्राचे गठ्ठे दक्षिणेत नेऊन पोचवत. उत्तरेत काम मिळतं, मुलांना शाळा मिळते, हे गावोगाव कळलं ते त्या कागदांतून. १९१० ते १९७० या काळात साठेक लाख काळी माणसं दक्षिण सोडून गेली, त्यातली कितीतरी याच रुळांवरून. काळ्यांच्या हक्कांसाठी निघालेल्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे प्रमुखही रँडॉल्फच होते. त्या २८ ऑगस्टला खास गाड्या भरभरून माणसं याच स्टेशनात उतरली.

मग म्युझियम. फेडरल ट्रँगल स्टेशनवरून चालत जाता येतं. प्रवेश फुकट आहे, पण वेळेचा पास आधी इंटरनेटवर काढून ठेवा. आत गेल्यावर लिफ्टने सगळ्यात खाली उतरायचं आणि वर चढत यायचं. गुलामगिरीचा मजला आधी, त्याच्या वर काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याच्या काळाचा. डबा तिथे आहे.

डब्याशी पोचण्याआधी एक नाव लक्षात ठेवा, होमर प्लेसी. ७ जून १८९२ ला न्यू ऑर्लिन्समध्ये, कायद्याने काळा ठरलेला असूनही, तो पहिल्या वर्गाचं तिकीट काढून मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला, कायद्याला कोर्टात आव्हान द्यायला. तिथल्या नागरिकांच्या समितीने सगळं आधी ठरवलं होतं, अटक करणारा डिटेक्टिव्हसुद्धा समितीनेच नेमलेला. पुढे १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध एक असा निकाल दिला की डबे वेगळे असले तरी सोयी समान असतील तर हरकत नाही. प्लेसी डब्यात बसला त्यानंतर बरोबर एका वर्षाने, ७ जून १८९३ च्या रात्री, गांधीजींना पीटरमॅरिट्झबर्गला गाडीतून उतरवलं. तारीख पाठ होऊन जाते.

आता तो ‘समान’ शब्द घेऊन डबा पाहा. म्युझियमच्या इमारतीचं बांधकाम चालू असताना, २०१३ मध्ये, क्रेनने तो खाली उतरवला आणि इमारत त्याच्याभोवती उभी राहिली. बाहेरून गडद हिरवा, भरभक्कम. आत जायची वाट उघडी असेल तर गोऱ्यांच्या भागातून सुरुवात करा, बंद असेल तर खिडक्यांतून. पहिली नजर सीटवर जाते. ती आवरा आणि वर बघा. गोऱ्यांच्या भागात सामानाचे रॅक आहेत. पार्टिशन ओलांडून काळ्यांच्या भागात या, पुन्हा वर बघा. रॅक नाहीत. बॅग ठेवायची कुठे? पायाशी. मग टॉयलेट पाहा. तिकडे ऐसपैस, इकडे कोंदट.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडेच बघत होतो. रॅक म्हणजे काय, चार ब्रॅकेट आणि मूठभर स्क्रू. एका फिटरचं अर्ध्या दिवसाचंही काम नाही. डबा एक, खालच्या चाकांच्या बोगी त्याच, स्प्रिंग त्याच, रुळाच्या सांध्यावरचा धक्का दोन्हीकडे सारखा. तरी मधे पार्टिशन घालायला कुणीतरी मापं घेतली, ड्रॉइंग काढलं, साहेबाची सही झाली. रॅक लावायचे विसरले नव्हते. ते ठरवून लावले नव्हते. माझ्यापुढे एक म्हातारी काळी बाई नातवाला घेऊन उभी होती. ती वाकली, आपली पर्स जमिनीवर दोन पायांच्या मधे ठेवली आणि म्हणाली, “अशी. सगळा प्रवास अशी.” मुलाने पर्सकडे पाहिलं आणि मग वर.

बरोबरची मंडळी कधीकधी म्हणतात, आपल्याकडे असं नव्हतं. मी त्यांना १९०१ चं मसूर स्टेशन सांगतो. लहान भीमराव भावंडांबरोबर गाडीतून उतरला, स्टेशनमास्तरने जात विचारली आणि कळताच तो आत निघून गेला. दुप्पट भाडं देऊ केलं तरी बैलगाडीवाले न्यायला तयार नव्हते. हे सांगून झाल्यावर डब्यात आणखी पाच मिनिटं थांबा. घाई करू नका.

संध्याकाळी युनियन स्टेशनला परत या आणि अलेक्झांड्रियाचं तिकीट काढा. कामाच्या दिवशी त्या बाजूला लोकल सुटतात. लहानसा प्रवास, पण गाडी पोटोमॅक नदी ओलांडून व्हर्जिनियात शिरते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाड्यांतलं वेगळं बसवणं सरकारी आदेशाने १० जानेवारी १९५६ पासून बंद झालं. मी दर वेळी खिडकीशी बसतो आणि पूल संपेपर्यंत नदीकडे न बघता डब्यात कोण कुणाशेजारी बसलंय ते बघतो.