जुन्या नगराध्यक्षाचं चरित्र लिहायचंय? मग असं करा

घरात पगडीवाल्या खापरपणजोबांचा फोटो असतो आणि खाली कुणीतरी पेनानं 'कोल्हापूरचे महापौर' लिहिलेलं असतं, तर आधी तो शब्द बाजूला ठेवा. इथली म्युनिसिपालिटी १८५४ ची, महापालिका झाली १९७२ ला, महापौर त्यानंतरचे. जुन्या कागदात प्रेसिडेंट, चेअरमन असले शब्द शोधा, नाहीतर महिनाभर रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडत बसाल आणि हाताला काय लागणार नाही. 'निवडून आले' हे पण तपासा, कारण ब्रिटिश मुलखात सुद्धा निवडणुकीला जोर आला तो व्हाइसरॉय रिपनच्या काळात, १८८२ च्या ठरावानंतर, आणि कोल्हापूर तर संस्थान, इथं दरबारचा शब्द.

सुरुवात १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटिअरपासून करा, म्हणजे त्यावेळचं गाव डोळ्यासमोर येतं. मग करवीर नगर वाचन मंदिर, १८५० ची संस्था आहे ती, आणि मग पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दफ्तर. तिथं मोडी लिपी लागतेच, त्याला पर्याय नाही. पानभर आडवी रेघ आधी मारलेली असते आणि अक्षरं तिला टांगलेली, शब्द तोडलेले नसतात. 'दिवेलावणेसतेल' असं सलग लिहिलेलं, ते 'दिवे लावणेस तेल' आहे हे कळायला मला अख्खी दुपार गेली, पण कळलं तेव्हा अंगावर काटा आला बघा, एवढ्या वर्षांपूर्वी आपल्याच गल्लीतल्या कंदिलाच्या तेलावर माणसं भांडत होती! तारखेत शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत बहुतेक ७९.

माणूस खरा दिसतो तो असल्या ठरावातच. जकात कशावर लावली, कुणाला माफ केली, १८७६-७७ च्या दुष्काळात काय केलं, कळंबा तलावाचं पाणी आलं तेव्हा नळ आधी कुठल्या पेठेत गेला आणि कुठली वस्ती कोरडी राहिली, हे सगळं लिहा, आपल्या घराण्याला झोंबलं तरी लिहा. मानपत्रं शेवटी वाचा, त्यात सगळेच दानशूर असतात.

आणि त्यांच्या बायकोचं नाव कुठल्याच ठरावात मिळणार नाही. त्यासाठी थोरल्या आत्तीजवळ बसा, आणि हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारा, दारात आला तर त्याला चहा द्या, पोथी उघडायला लावा आणि सासर-माहेर दोन्हीकडच्या पिढ्या विचारून घ्या.