उद्याच्या वाचनाच्या तासाची तयारी

ठाणे-नवी मुंबईतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठी शिकवणाऱ्यांसाठी ही यादी आहे. एकाच बाकावर घरी मराठी बोलणारं मूल आणि घरी तमीळ किंवा गुजराती बोलणारं मूल शेजारी बसतं. वाचायला दोघांनाही मजा यायला हवी, आणि त्यासाठी रात्री जागून तक्ते रंगवायची गरज नाही. वेळ द्यायचा तो उतारा निवडायला.

आठ-दहा वाक्यांचा उतारा घ्या, ज्यात काहीतरी घडतं. धड्यात सापडला नाही तर बालभारतीचं ‘किशोर’ उघडा. हे मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. निवडलेला उतारा घरी एकदा मोठ्याने वाचा. तुमची जीभ जिथे अडखळेल तिथे मुलांचीही अडखळणार, तेवढ्याच दोन-तीन शब्दांवर खूण करा. सगळे कठीण शब्द आधीच फळ्यावर लिहून दिले की मुलांना शोधायला काही उरत नाही.

धावत्या श्रुतलेखनासाठी उताऱ्याच्या चार प्रती आणि चिकटपट्टी बॅगेत टाका. अक्षर नेहमीएवढंच ठेवा. मोठं केलंत तर बाकावरूनच वाचता येईल आणि धावण्यात अर्थ राहणार नाही. प्रती वर्गाच्या चार भिंतींवर लावा, कारण पावसाळ्यात व्हरांडा ओला असतो. जोड्या पाडा. एकाने जाऊन वाचायचं, लक्षात ठेवायचं, परत येऊन सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. पट चाळीसच्या वर असेल तर एका वेळी एकच रांग उठवा आणि बाकीच्यांना तोच मजकूर पुस्तकातून मूकवाचनाला द्या. अर्ध्यात भूमिका बदलायला विसरू नका.

हा खेळ मला सगळ्यांत जास्त मोलाचा वाटतो. अक्षर अक्षर जुळवत वाचणाऱ्या मुलाला इथे शब्दांचा गट एकदम उचलावा लागतो, नाहीतर बाकापर्यंत येता येता तो विसरतो. ‘कोपऱ्यावरच्या दुकानात’ असं पुटपुटत मूल येतं, लिहिणारा ‘कोपर्यावर’ लिहितो, दोघांचं जुंपतं आणि सांगणारा खात्री करायला पुन्हा भिंतीकडे पळतो. त्या दुसऱ्या फेरीत त्याने ‘ऱ्या’ जितका नीट पाहिलेला असतो, तितका दहा वेळा लिहूनही पाहिला नसता. तेव्हा मधे पडून बरोबर काय ते सांगू नका.

‘चुकीचं वाचन’ या खेळाला फक्त पेन्सिल लागते. आपल्या पुस्तकात पाच शब्दांखाली रेघ मारा आणि वाचताना ते बदला: ‘झाडाखाली’च्या जागी ‘झाडावर’, ‘हसली’च्या जागी ‘रुसली’. मुलांनी पुस्तकात बोट ठेवून ऐकायचं आणि चूक सापडली की टाळी वाजवायची. शब्द अर्थ बदलणारेच निवडा.

खडू आणि डस्टर एवढंच हाताशी असेल तर ट्रान्स हार्बर लोकलची स्टेशनं लिहा: ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. वर्गाने वाचायची, मग तुम्ही एक अक्षर किंवा मात्रा पुसायची, पुन्हा वाचायची. नावं ओळखीची असल्यामुळे वाचनात मागे असलेली मुलंही हात वर करतात, आणि ‘ळ’, ‘ण’, रफार आपसूक घोटले जातात. शेवटी रिकाम्या फळ्यावरून अख्खी यादी म्हटली जाते. ती पुन्हा लिहायला पहिल्यांदा त्याच मुलांना बोलवा.

संवाद असलेला धडा असेल तर नाट्यवाचन करा. पाठांतर नको, वेशभूषा नको. पात्रं वाटून द्या आणि निवेदन दोघा-तिघांत विभागा.

घरून वाचायला काही आणायला सांगायचंच असेल तर वर्तमानपत्रातून येणारी जाहिरातीची पत्रकं किंवा जुनी लग्नपत्रिका सांगा, पण आदल्या दिवशीच वहीत लिहून द्या. पाच-सहा पत्रिका स्वतःजवळही ठेवा, कारण सगळ्यांच्या घरी मराठी कागद येतोच असं नाही. तास संपल्यावर भिंतीवरच्या प्रती अलगद काढून फाईलला लावा, पुढच्या तुकडीला त्याच चालतील.