लाइन फॉलोअरच्या स्पर्धेला जाताना: तयारीची यादी

लाइन फॉलोअर म्हणजे जमिनीवरची रेष सेन्सरने ओळखून तिच्यावरून आपोआप चालणारा छोटा रोबोट. घरच्या फरशीवर टेप चिकटवून केलेल्या ट्रॅकवर झकास पळणारा रोबोट स्पर्धेच्या हॉलमध्ये पहिल्याच वळणाला भरकटतो आणि मुलं लगेच लॅपटॉप उघडून कोड उकरायला बसतात. कोड बहुतेक वेळा ठीक असतो. बदललेलं असतं ते बाकीचं: उजेड, ट्रॅकचा पृष्ठभाग, बॅटरीचा व्होल्टेज आणि रिक्षाच्या धक्क्यांनी सैल झालेली एखादी वायर. तयारी मुख्यतः या चौघांची करायची. इथे धरलेला रोबोट शाळांच्या गटात नेहमी दिसतो तसा आहे: आर्डुइनो नॅनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड, रोबोटचा मेंदू), पाच ते आठ आयआर म्हणजे इन्फ्रारेड सेन्सरची पट्टी, दोन एन२० (छोट्या) गिअर मोटर, नॅनोच्या इशाऱ्यावर मोटरना करंट देणारा एक मोटर ड्रायव्हर आणि सिरीजमध्ये जोडलेले दोन १८६५० (चार्ज होणारे लिथियम) सेल.

आठवडाभर आधी नियमावली कागदावर छापून घ्या आणि आकडे दिसतील तिथे पेनाने रेघ मारा. रोबोटची कमाल लांबी-रुंदी, रेषेची रुंदी, पांढऱ्यावर काळी रेष की काळ्यावर पांढरी, काटकोन आहेत का, मध्येच रेष तुटते का, प्रयत्न किती, भरकटलेला रोबोट हाताने परत ठेवला तर दंड की नवा प्रयत्न, हे सगळं त्यात असतं आणि बरेच संघ ते हॉलमध्ये पोचल्यावर वाचतात. बॅटरीच्या अटीकडे नीट बघा. दोन सेलच्या पॅकवर ७.४ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो ८.४ दाखवतो. अट ‘कमाल ८ व्होल्ट’ अशी असेल तर पंचांचा मल्टिमीटर तुम्हाला बाहेर काढेल. मापासाठी पुठ्ठ्याची बिनतळाची चौकट करा आणि रोबोट तिच्यात बसतो का ते वायर, सेन्सरची पट्टी आणि पुढे आलेला कॅस्टर (मोकळं फिरणारं आधाराचं चाक) धरून पाहा. ट्यूनिंगसाठी, म्हणजे कोडमधले आकडे जुळवण्यासाठी लावलेलं ब्लूटूथ मॉड्यूल काढून टाका, बाहेरून रोबोट चालवल्याचा संशय नको. ते नुसतं बंद ठेवलं, तरी पंचांना ते दिसतंच.

सामान आणायचं असेल तर तापकीर गल्ली (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) शुक्रवारपर्यंत उरका. स्पर्धा रविवारी आणि खरेदी शनिवारी संध्याकाळी असा बेत केला, तर हवा तो गिअर रेशो मिळत नाही आणि जो मिळतो तो चालवून बघायला रात्र उरत नाही. गाडी घेऊन बुधवार पेठेत शिरू नका, मेट्रोने मंडईला उतरून चालत जा. मोटर घ्यायची तर दोन घ्या, त्याही एकाच दुकानातून, एकाच आरपीएमच्या. एकच नवी मोटर बसवली की रोबोट एका बाजूला ओढतो आणि सगळं ट्यूनिंग पहिल्यापासून करावं लागतं. सेलवर ‘९९०० एमएएच’ छापलेलं असेल तर तो हातात घेऊन परत ठेवा. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते. त्याच्या तिप्पट आकडा छापणाऱ्याने आत काय भरलंय ते विचारूच नये.

आता उजेड. आयआर सेन्सर इन्फ्रारेड सोडतो आणि परत आलेलं मोजतो; पांढऱ्यावरून जास्त परत येतं, काळ्यावरून कमी. ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या प्रकाशात इन्फ्रारेड फारसं नसतं, उन्हात मात्र भरपूर असतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सकाळचं ऊन तिरपं येतं आणि हॉलच्या खिडकीतून थेट ट्रॅकवर पट्टा पडतो. त्या पट्ट्यात सेन्सरला काळी रेषही पांढरी वाटते. सकाळी नऊला जिथे पट्टा होता तिथे अकराला नसतो, म्हणून ‘मघाशी तर चाललं होतं’ हे वाक्य दर स्पर्धेत ऐकू येतं. उपाय साधा आहे: सेन्सरच्या पट्टीभोवती काळ्या फोम शीटची झालर लावा, जमिनीपासून जेमतेम दोन मिलिमीटर वर. झालर लावल्यावर आकडे पुन्हा तपासा, कारण डोळ्याला काळा दिसणारा प्रत्येक कागद इन्फ्रारेडलाही काळा असतोच असं नाही. शाईचंही तसंच. काही काळ्या मार्करने काढलेली ठसठशीत रेष सेन्सरला दिसतच नाही. सरावासाठी साधी काळी इन्सुलेशन टेप बरी, ती साधारण १८ मिलिमीटर रुंद असते. नियमात रेष ३० मिलिमीटरची असेल तर दोन पट्ट्या थोड्या एकमेकींवर चढवून लावा.

स्पर्धेतला ट्रॅक बहुतेक वेळा फ्लेक्सवर छापलेला असतो. शक्य असेल तर एक छोटा तुकडा छापून घ्या, त्यात एक काटकोन आणि एक तीव्र वळण असू द्या. चकचकीत फ्लेक्सवर सेन्सरचाच प्रकाश काळ्या भागावरूनही आरशासारखा उलटतो आणि काळ्या-पांढऱ्यातलं अंतर कमी होतं. शिवाय गुंडाळून आणलेल्या फ्लेक्सला सुरकुत्या असतात. अशा पट्ट्यांत नेहमी दिसणारा टीसीआरटी५००० हा आयआर सेन्सर अडीच मिलिमीटरवर सर्वांत चांगलं वाचतो, पण इतका खाली लावला तर पट्टी सुरकुतीला अडकते. तीन ते पाच मिलिमीटर ठेवा. दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण साडेतीन मिलिमीटर होतात. ती पट्टीखाली सरकवून उंची जुळवा आणि स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या; स्क्रू फिरला तर लगेच कळतं. निळ्या पोटेन्शिओमीटरचं (काळं-पांढरं ठरवायची सीमा स्क्रूने फिरवून जुळवायचं) डिजिटल मॉड्यूल वापरत असाल तर त्यावरही तशीच खूण करा.

कॅलिब्रेशन, म्हणजे त्या जागेचे काळ्या-पांढऱ्याचे आकडे रोबोटला शिकवणं, बटणावर ठेवा. कोडमध्ये आकडे ठोकून बसवलेला रोबोट ज्या खोलीत बनला त्याच खोलीत चालतो. बटण दाबलं की रोबोट जागच्या जागी डावी-उजवीकडे पाच सेकंद वळेल, प्रत्येक सेन्सर रेषेवरून आणि पांढऱ्यावरून जाईल आणि प्रत्येकाचा किमान-कमाल आकडा वेगळा नोंदला जाईल, अशी रचना हवी. नंतर लॅपटॉपवर सीरियल मॉनिटर (नॅनो पाठवतो ते आकडे दाखवणारी खिडकी) उघडून बघा. नॅनो ० ते १०२३ मध्ये वाचतो. काळ्या-पांढऱ्यात किमान चारशेचा फरक हवा. एखाद्याच सेन्सरचा फरक दीडशे-दोनशे निघाला तर आधी त्याची काच कापसाने पुसा, मग उंची बघा, मग त्याचा सोल्डरचा जोड. सगळ्यांचाच कमी असेल तर ऊन किंवा फ्लेक्स. हे आकडे इइप्रॉममध्ये (नॅनोच्या कायमच्या मेमरीत) साठवत असाल तर ते बॅटरी काढली तरी राहतात, म्हणजे घरचे आकडे हॉलमध्येही तसेच येतात. म्हणून हॉलमध्ये पहिलं काम कॅलिब्रेशन, आणि तेही खिडकीजवळच्या व लांबच्या अशा दोन्ही टोकांना तपासून.

बॅटरीबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त संघ इथे फसतात. क्षमता हा प्रश्नच नसतो; दोन छोट्या मोटरना २००० एमएएच दिवसभर पुरतात. प्रश्न व्होल्टेजचा आहे. ८.४ वरून ७.४ वर आलं की मोटरना मिळणारा दाब जवळपास बारा टक्के घटतो, वेग तेवढाच उतरतो आणि भरलेल्या बॅटरीवर जुळवलेला पीआयडी (रेषेपासून रोबोट किती सरकला त्यावरून वळण ठरवणारा कोडमधला हिशेब) वेगळाच वागायला लागतो. उलटंही होतं: आदल्या दिवशी उतरलेल्या बॅटरीवर ट्यून केलं आणि सकाळी पूर्ण चार्ज करून नेलं, तर रोबोट वळणावरून बाहेर फेकला जातो. ठरवून टाका की ट्यूनिंग ७.८ ते ८ व्होल्टमध्येच करायचं आणि फेरीलाही त्याच पट्ट्यातला पॅक लावायचा. पॅक दोन हवेत, त्यांच्यावर १ आणि २ असे आकडे, आणि प्रत्येक फेरीआधी मल्टिमीटरचं वाचन वहीत. कोडमधूनच व्होल्टेज वाचायचा असेल तर दहा-दहा किलोओमचे दोन रेझिस्टर लावून निम्मा करा; ८.४ चे ४.२ होतात आणि नॅनोच्या पाच व्होल्टच्या मर्यादेत बसतात. पण सेन्सर आठ असतील तर नॅनोच्या आठही ॲनालॉग पिना त्यातच संपतात, मग मल्टिमीटरच बरा. एल२९८एन ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, त्यामुळे बॅटरी उतरली की तो लावलेला रोबोट आधी रडतो. जमलं तर टीबी६६१२ वापरा, तो लहान आहे आणि खातोही कमी. मात्र हा बदल किमान दोन आठवडे आधी, आदल्या रात्री नाही. आणखी एक: टीपी४०५६ चार्जर एका सेलसाठी असतो. सिरीजमधल्या दोन सेलच्या पॅकला तो लावू नका. चार्जिंग चालू असताना घरात मोठं माणूस जागं हवं. फुगलेला, चेपलेला किंवा गरम होणारा सेल बॅगेत जाताच कामा नये.

मोटर एकदम सुटली की नॅनो रीसेट होतो आणि रोबोट जागीच दचकल्यासारखा थांबतो, हा दोष घरी कधीतरीच दिसतो आणि स्पर्धेत हमखास. सुरुवातीच्या करंटने व्होल्टेज क्षणभर पडतो. ड्रायव्हरच्या पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि प्रत्येक मोटरच्या टोकांवर १०४ छापलेला सिरॅमिक कॅपॅसिटर लावला की बहुतेक वेळा भागतं. मोठ्या कॅपॅसिटरची प्लस-मायनस बाजू दोनदा तपासा. जंपर वायरी ब्रेडबोर्डवर असतील तर त्या सैल होणारच, पुण्यातले गतिरोधक कोणाला सोडत नाहीत. वायरी झीरो बोर्डवर (सोल्डर करायच्या भोकांच्या पट्टीवर) सोल्डर करा. ते शक्य नसेल तर प्रत्येक टोकावर ग्लू गनचा एक थेंब. मग रोबोट हातात उलटा धरून हलवा, मोटर चालू असताना प्रत्येक वायर बोटाने हळूच हलवून बघा. जिथे चाक अडखळतं तिथेच उद्या बंद पडणार आहे.

लॅपटॉपची तयारी आदल्या संध्याकाळी. अपडेट उरकून घ्या, नाहीतर फेरीच्या दहा मिनिटं आधी तो ‘बंद करू नका’ म्हणत बसेल. हॉलमध्ये इंटरनेट नाही असं धरून लायब्ररी आणि सीएच३४० चा (स्वस्तातल्या नॅनोवरच्या यूएसबी चिपचा) ड्रायव्हर आधीच टाकून ठेवा. संघातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरही तोच कोड टाकून, प्रत्यक्ष अपलोड करून पाहा. स्वस्तातल्या नॅनोवर अपलोड होत नसेल आणि पोर्ट बरोबर असेल तर प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडा. यूएसबी केबल दोन घ्या आणि दोन्हींनी अपलोड करून मगच बॅगेत टाका. काही केबलींत डेटाच्या वायरी नसतात, त्या नुसत्या चार्जिंगच्या. चालणाऱ्या कोडची प्रत तारीख घालून वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका.

बॅगेत जास्तीचा नॅनो कोड टाकूनच ठेवा, म्हणजे तिथे नुसता बसवायचा. एक मोटर ड्रायव्हर, दोन मोटर, दोन टायर, बारीक स्क्रू आणि नट एका झाकणाच्या डबीत. स्क्रू ड्रायव्हरचा संच, कटर, छोटी पक्कड, मल्टिमीटर, ग्लू गन, झिप टाय, इन्सुलेशन टेप, कापूस, आयसोप्रोपाइल अल्कोहोलची छोटी बाटली. सोल्डरिंग आयर्न न्या, पण आयोजकांना विचारल्याशिवाय लावू नका. पाच मीटरचा एक्स्टेंशन बोर्ड हवाच. दहा संघांत एक सॉकेट हे नेहमीचंच आहे. रोबोटसाठी झाकणाचा खोका, आत फोम किंवा जुनं सुती फडकं. थर्माकोल नको, त्याचे कण टायरला आणि सेन्सरला चिकटतात. रोबोटच्या पोटाखाली ठोकळा ठेवा म्हणजे चाकं अधांतरी राहतील, आणि खोका रिक्षात पायाशी नाही, मांडीवर. बॅटरी प्रवासात काढलेलीच हवी, टोकांवर टेप लावून. डबा कोरडा: पोळीचा रोल, ठेपले, राजगिऱ्याचे लाडू. वडापाव रोबोट पंचांकडे जमा झाल्यावर. तेलकट बोट टायरला लागलं की वळणावर चाक घसरतं आणि मग दोष पीआयडीला दिला जातो.

सकाळी नोंदणी झाली की एकाने रांगेत उभं राहायचं, एकाने ट्रॅक बघून यायचा. ऊन कुठे पडतंय, फ्लेक्सचे जोड कुठे आहेत, सगळ्यात वाईट वळण कोणतं. सरावाची वेळ बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांचीच मिळते. त्यात क्रम पाळा: चाकं ओल्या फडक्याने पुसणं, व्होल्टेज, कॅलिब्रेशन, मग एक संथ फेरी. त्या दिवशी पीआयडीचे आकडे बदलायचे नाहीत. बदलायचा तो फक्त वेग, आणि त्यासाठी कोडमध्ये संथ, मध्यम आणि जलद असे तीन टप्पे आधीच बसवून ते एका छोट्या स्विचवर घ्या. पहिला अधिकृत प्रयत्न संथवर. पूर्ण झालेली एक वेळ पाटीवर लागली की पुढच्या प्रयत्नात धोका पत्करता येतो. पहिल्याच प्रयत्नात जलद लावून भरकटलेल्या संघाचे हात नंतर थरथरायला लागतात. रोबोट ठेवणारा एकच असावा आणि बाकीच्यांनी ‘डावीकडे घे’ म्हणून ओरडू नये. बरोबर आलेल्या सरांनी आणि पालकांनीही, बहुतेक नियमावल्यांत त्याला दंड असतो.

दोन फेऱ्यांच्या मध्ये टायरवर चिकटपट्टी दाबून धूळ उचला, व्होल्टेज वहीत लिहा, ऊन सरकलं असेल तर पुन्हा कॅलिब्रेशन करा. रोबोट बिघडलाच तर आधी बॅटरी, मग कनेक्टर, मग सेन्सरची काच, मग मोटर, आणि सगळ्यात शेवटी कोड.

संपल्यावर बॅटरी काढा, सेल ३.७ व्होल्टच्या आसपास ठेवून द्या. हॉलमधले काळ्या-पांढऱ्याचे आकडे वहीत आहेत ना ते बघा, कारण पुढच्या वर्षी स्पर्धा बहुतेक त्याच हॉलमध्ये असते. आणि शेजारच्या टेबलवर दिलेला आपला स्क्रू ड्रायव्हर मागून घ्या.